गोधडीच्या कोपऱ्यातला घास

दहिवडीच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढली, पण गोधडी आईनं माझ्या मांडीवरच ठेवली. "वर नगं टाकू, धूळ बसंल," म्हणाली. मग खिडकीच्या गजांतून हात आत घालून तिनं गोधडीचा एक कोपरा दोन बोटांनी दाबून बघितला. "उपाशी न्हाई ही. ध्यानात ठेव." तात्या मागं उभे होते. लेक सासरी निघाली की बाप रडतो म्हणतात, पण आमचे तात्या माझ्या नवऱ्याला सांगत होते, "जावईबापू, पोरगी भिवंडीला न्या, पण तिच्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्ही द्यायची. मी सुटलो." गाडी हलल्यावर मात्र ते पाठ फिरवून उसाच्या रसाच्या गाड्याकडं बघत राहिले, आणि रस काही त्यांना प्यायचा नव्हता.

माण तालुक्यातल्या माझ्या माणसांना हे कोपऱ्याचं सांगायला नको. पण तिथून निघून लांब गेलेल्यांच्या लेकरांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्याकडं गोधडी शिवताना शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा वाळलेला तुकडा घालतात, हळद लावून, फडक्यात गुंडाळून. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी झोपतो, असं आई म्हणायची. मी आठ वर्षांची असताना हे खरं आहे का ते बघायला एका गोधडीचा कोपरा उसवला होता. आईनं पाठीत धपाटा घातला, नवा तुकडा घातला आणि कोपरा पुन्हा शिवला. तात्या म्हणाले, "ही पोरगी विहिरीलासुद्धा विचारील, खोल किती गं तू?"

तर असल्या स्वभावाची मी भिवंडीच्या नारपोलीत आले. आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. दिवसभर खटाक् खटाक्. त्या हादऱ्यानं मांडणीतली ताटं इंचाइंचानं पुढं सरकायची आणि संध्याकाळी मला ती परत मागं ढकलावी लागायची. पहिल्या आठवड्यात मी ह्यांना इतकं विचारलं, की हे कशेळीच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला जायला घाई करू लागले. एवढं कापड जातं कुठं? कोण नेसतं, कोण घालतं? जो विणतो त्याला ते कधी कळतं का? हे म्हणाले, "माझं काम मालाचं चलान लिहायचं. गाडी कुठं जाणार ते मला माहीत. पुढं कापड कुणाच्या अंगावर जाणार ते देवाला माहीत." मला ते उत्तर पुरेना.

हळूहळू शिफ्ट, तागा, लाईट गेली, पार्टी आली, असले शब्द माझ्या तोंडात बसले. गल्लीत मराठी कमी आणि हिंदी जास्त. मी फोनवर आईला "खाली-पिली काळजी करू नकोस" म्हणाले, तर ती म्हणाली, "खालीबी न्हाई आन् पिलीबी न्हाई, तू नीट बोल."

चार वर्षांनी तात्या गेले. भाऊ आधीच पुण्याला कंपनीत लागला होता, त्याच्या एका खोलीत चौघं. मी आईला घेऊन आले. "चार दिसांसाठी आलीया," असं तिनं गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं. एक कापडी पिशवी घेऊन आली, ती खिळ्याला अडकवली आणि कधी उपसलीच नाही. लागेल ते लुगडं काढायचं, धुवायचं, घडी घालून परत पिशवीत. घराला कुलूप लावायच्या आधी तिनं आपल्या चुलीवर शेवटच्या भाकरी थापल्या होत्या, त्यांचे तुकडे उन्हात वाळवून एका पुरचुंडीत बांधून आणले होते. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आसू दे."

आई दिवसभर भिंतीला टेकून बसायची. लाईट जाऊन लूम थांबले की दचकून वर बघायची. दर सोमवारी एकच प्रश्न, "आपल्याकडची गाडी कुठनं सुटती म्हणालीस?" ज्या बाईचे हात मी आयुष्यात कधी रिकामे पाहिले नव्हते, ते हात मांडीवर नुसते पडलेले असायचे. मला ते बघवेना. ही बाई इथं राहील का, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता. नाही राहिली, तर कुलपाच्या घरात एकटी.

गल्लीच्या तोंडाशी सलमाआपांचं सायबर होतं. आधी तिथं त्यांच्या घरचे चार लूम होते, ते विकून तीन कॉम्प्युटर मांडलेले. त्यांच्या दिराचा कारखाना रंगीत लुंग्यांचा. ताग्यांची कापलेली टोकं पोत्यानं पडलेली असायची. मी एक पोतं आणून आईपुढं ओतलं. आईनं एक चिंधी उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाली, "कोरं हाय. कुणाच्या अंगावर गेलं न्हाई. असल्याची गोधडी हुत न्हाई, चादर हुती." मग मी गल्लीत फिरून जुन्या साड्या, ओढण्या मागून आणल्या. सलमाआपांनी आपल्या सासूचा धुऊन विटलेला दुपट्टा दिला. जुनं आत, नवं वर, यावर आईशी तह झाला. त्या दुपारी तिनं सुई ओवली. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड जाऊन रडून घेतलं आणि येऊन चहा टाकला.

दोन गोधड्या घरात मावल्या, तिसरी मावेना. सलमाआपा म्हणाल्या, "बेचो ना. इंटरनेट पे डालो, पूछने का पैसा थोड़े ही लगता है." अशी आमची दुकान उघडण्याची तयारी. मी त्यांना कॉम्प्युटरच्या तीन खुर्च्यांच्या गाद्या शिवून दिल्या, त्याबदल्यात दुपारी त्या नमाजाला जात तेव्हाचा अर्धा तास माझा. कुठलंतरी फुकटचं पान मिळालं. फुकटचं म्हणून पानाच्या डोक्यावर त्यांची जाहिरात यायची, टक्कल घालवायच्या तेलाची. खाली आईची गोधडी. फोटो काढायला कॅमेरा ह्यांच्या साहेबाचा, एका रविवारपुरता. गच्चीवर गोधडी वाळत घालून काढले. त्यात मागं पाण्याची टाकी आणि कुणाचातरी लेंगा आला, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

पानाच्या तळाशी किती पाहुणे आले त्याचा आकडा दिसायचा. पहिल्या महिन्यात तो साठावर गेला. कोण असतील हे साठ जण, या विचारानं माझा भात दोनदा करपला. एक दिवस मी पान बंद करून लगेच उघडलं, तर आकडा एकानं वाढला. साठांतली अठ्ठावन्न मीच होते. उरलेल्या दोन सलमाआपा.

मग म्हटलं, जाहिरात केल्याशिवाय कसं व्हायचं. पण करायची कशाच्या जोरावर? घरात काय आहे ते बघितलं, तर चिंध्या, सुई-दोरा, आणि ह्यांच्या गोडाऊनसमोर लागणारे ट्रक. भिवंडीतून ट्रक कुठं जात नाहीत? लुधियाना, इंदूर, मदुराई. मी छोट्या बैठका शिवायच्या ठरवल्या, ड्रायव्हरच्या सीटवर टाकायच्या, आणि त्यांवर पानाचा पत्ता दोऱ्यानं भरायचा. पत्ता भरायचं काम आईनं घेतलं. तिला वाचता येत नाही. मी कागदावर इंग्रजीत लिहून दिलं, तिनं ते नक्षी समजून हुबेहूब उतरवलं. फक्त पत्त्यात जिथं जिथं टिंब होतं तिथं तिनं पाच पाकळ्यांचं फूल काढलं. "एकलं टिंब बरं दिसना," म्हणाली. नऊ बैठका तशा रस्त्याला लागल्या होत्या. दहावी मी पाहिली. आता हसते, तेव्हा कपाळावर हात मारला होता. पण फुलाच्या जागी कुणीतरी अंदाजानं टिंब मारलं असावं, कारण तिसऱ्या आठवड्यात इंदूरहून पहिली मागणी आली. आई म्हणाली, "बघ, फुलानंच आलं."

प्रत्येक पार्सलात मी चिठ्ठी घालायची. तुमच्याकडं थंडी किती असते? ही कोण पांघरणार? तुम्ही मूळचे कुठले? धंद्यात असलं कुणी विचारत नाही, असं हे म्हणाले. पण लोकांनी उत्तरं दिली. इंदूरच्या बाईंनी लिहिलं, गोधडी सासऱ्यांना दिली, ते आता दुपारीही तिच्यातून उठत नाहीत. मी सगळं आईला वाचून दाखवायची. ती ऐकत नाही असं दाखवून ऐकायची आणि टाके घालायची. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात पुरचुंडीतला एक तुकडा जायचा. "ह्ये सपलं की मी जाणार," ती म्हणायची. मी पुरचुंडीकडं चोरून बघायची. म्हणजे मागणी आली की आनंद आणि मागणी आली की धास्ती, असं माझं विचित्र झालं होतं.

आमच्या पानावर पाहुण्यांची एक वही होती. कुणीही यावं, काहीही लिहावं. एका दुपारी सलमाआपांनी मला हाक मारली आणि स्वतःच खुर्चीवरून उठल्या. बंगळूरच्या एका बाईंनी इंग्रजीत लिहिलं होतं. आपांनी वाचलं, "लिख रही है, कोने में मुंगियाँ लगीं, तो खोलके देखा. हल्दी लगी हुई काली चीज़ सिली हुई है. बोलती है टोना है, कोई मत लेना." मला आधी कळेना. आमच्या घासाला ती करणी म्हणत होती. आपा म्हणाल्या, "है क्या वो, सुनंदा? मैंने भी एक ली है तुमसे." इतकी वर्षं शेजारी असून त्यांनाही मी कधी सांगितलं नव्हतं. गोधडीत घास असतो हे कुणाला सांगायचं असतं, असं आमच्या डोक्यातच कधी आलं नाही. भाजीत मीठ घातलंय असं कोण सांगतं.

वहीतलं ते पुसायचं कसं, आम्हां दोघींना जमेना. ते वरच राहिलं, आणि मागण्या थांबल्या. हे म्हणाले, "मग नका घालू ना तो तुकडा. धंदा म्हणजे धंदा." एक मागणी आधीची राहिली होती, नागपूरची. आईनं गोधडी पुरी केली, कोपरा बंद केला. दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी तो उसवला, तुकडा काढून मिसळणाच्या डब्यामागं ठेवला आणि कोपरा परत शिवला. आईपासून लपवून मी आयुष्यात केलेलं हे पहिलं काम नव्हे, पण सगळ्यात वाईट हेच.

पार्सल शिवायच्या आधी आई प्रत्येक गोधडीचा कोपरा दाबून बघायची, हे मी विसरले होते. दहिवडीच्या स्टँडवर माझ्यासमोर दाबलेला कोपरा, आणि मीच विसरले. तिनं दाबला. परत दाबला. टाके डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "ह्यो टाका माझा न्हाई," म्हणाली. "उपाशी धाडत हुतीस?"

मी सगळं सांगितलं. बंगळूरची बाई, करणी, थांबलेल्या मागण्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गोधडीची घडी घातली, सुया डबीत ठेवल्या, डबीचं झाकण लावलं. मग खिळ्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली. "माझी जागा न्हाई हितं, पोरी. माझा घास ज्यास्नी करणी वाटतो तितं मी काय करू? सोमवारची गाडी बघ." ह्यांनी सोमवारचं तिकीट काढलं. लूम चालू होते, ताटं पुढं सरकत होती. त्या संध्याकाळी ती मागं ढकलायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सायबरमध्ये जाऊन वहीत लिहिलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, खाली सलमाआपांनी इंग्रजीत घातलं. लिहिलं, की ती काळी वस्तू बाजरीच्या भाकरीचा तुकडा आहे. माझ्या आईनं स्वतःच्या चुलीवर भाजलेला, ती चूल आता बंद आहे. तुम्ही उपाशी झोपू नये म्हणून तिनं तो घातला. सांगायला हवं होतं, ही चूक माझी. गोधडी नको असेल तर परत पाठवा, पैसे परत करीन. आपा टाइप करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, "मेरी वाली में भी है ना? अच्छा है, रहने दो."

बंगळूरच्या बाईंनी उत्तर दिलं नाही, आजतागायत नाही. शनिवारी मात्र वहीत एक नवीन नाव होतं. इंग्लंडातले एक गृहस्थ, मूळचे म्हसवडकडचे, तिकडं जाऊन पस्तीस-चाळीस वर्षं झालेली. कुणा भाच्यानं ट्रकवाल्याकडं आमची बैठक पाहिली आणि यांना कळवलं. त्यांनी लिहिलं होतं, "आईनं दिलेली गोधडी कपाटात आहे. तुमचं वाचून उठलो आणि चारही कोपरे चाचपले. उशाकडच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी कडक लागतंय. इतकी वर्षं पांघरली, मला माहीतच नव्हतं. उसवलं नाही. नुसता हात ठेवून बसलोय."

मी ते कागदावर उतरवून घरी आणलं आणि आईला वाचून दाखवलं. ती पिशवीशेजारी बसली होती. तिनं कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाली, "उजव्या म्हणाला? उशाच्या उजव्या?"

"हो."

"आपला घास डाव्या अंगाला येतो. शिवत शिवत फिरून शेवट तितंच हुतो." तिनं हवेत बोट फिरवून बघितलं, मग उलटं फिरवून बघितलं. "त्याची आय डावखुरी आसंल. इचार की त्याला."

"आई, परवा तुझी गाडी आहे."

"गाडी काय एकच हाय व्हय? तू इचार."

मी पळत सायबरला गेले. सोमवारी सकाळी उत्तर नव्हतं. आई म्हणाली, उत्तर आल्याबिगर कसं जायाचं, आणि तिकीट वाया गेलं. मंगळवार, बुधवार ती मला दिवसातून दोनदा पाठवायची. मी प्रश्न कुणाकडून घेतले ते मला तेव्हा कळलं, आजवर ते तात्यांकडून आलेत असं मी उगाच समजत होते. गुरुवारी उत्तर आलं. "होय. आई डाव्या हातानं सगळं करायची, भाकरीसुद्धा. मला आठवतच नव्हतं. तुमच्या आईंना कसं कळलं?" मी वाचलं तेव्हा आईनं मांडीवर थाप मारली आणि गालातल्या गालात हसली. तात्या गेल्यापासून ती हसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. पिशवी तिनं आपल्या हातानं परत खिळ्याला लावली. नागपूरच्या गोधडीचा कोपरा उसवून, मिसळणाच्या डब्यामागचा तुकडा मागून घेऊन तो जागेवर घातला.

त्या गृहस्थांनी आपल्या मुलीसाठी एक गोधडी मागितली. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी निघाली होती. आईनं ती इतक्या बारीक टाक्यांनी शिवली, की मला दोनदा सांगावं लागलं, अगं, पुरे. शेवटच्या कोपऱ्याशी आली आणि थांबली. "तुकडं सपलं गं," म्हणाली.

संपले की जाणार, हे तीच म्हणत आली होती. मी म्हटलं, भावाला सांगते, तो गावाकडं जाईल तेव्हा शेजारच्या काकींकडून भाजून आणील, आठ दिवसांत येतील. ती म्हणाली, "कशाला?" आणि उठली. चपला घातल्या. दोन वर्षांत माझ्याशिवाय ती गल्लीत गेली नव्हती. दाराच्या पडद्यातून मी बघत होते, लुंग्यांच्या हातगाडीला वळसा घालत ती सरळ सलमाआपांच्या दारात गेली. तिला हिंदी येत नाही, आपांना मराठी समजतं. पाच मिनिटांत आली. पदराआड आपांकडची सकाळची रोटी, अर्धी. तिनं एक तुकडा मोडला, तव्यावर कडक केला, हळद लावली, फडक्यात बांधला आणि कोपऱ्यात घातला. "हितं शिवलीया," म्हणाली, "तर हितलाच घास."

आता मोठं दुकान झालं असं काही नाही. महिन्याला दोन-तीन गोधड्या जातात. टक्कल घालवायचं तेल अजून वर आहे. पाहुण्यांचा आकडा मात्र मी पान उघडत नाही तरी वाढतो. पानावर पहिल्याच ओळीत आता घासाबद्दल लिहिलेलं आहे, आणि काही लोक आधी तेच विचारतात. कुणी मला गाव विचारलं तर मी माण सांगते, ते सुटत नाही. पण पार्सलावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना पूर्वी पेन जरा अडायचं, ते आता अडत नाही. नारपोली, भिवंडी. लाईट जाऊन लूम थांबले की आई वर बघून म्हणते, "काय झालं ह्यास्नी?" ताटं तीच मागं ढकलते. घर म्हणजे काय ते मला याहून नेमकं सांगता येत नाही.

एक राहिलं. परवा भिंतीला चुना द्यायचा म्हणून मी खिळ्यावरची पिशवी उतरवली. आई आपांकडं गेली होती. सवय वाईट, मी आत हात घातला. दोन लुगडी, तात्यांचा चष्मा आणि तळाशी ती पुरचुंडी. सोडून बघितली. तिच्या चुलीवरच्या भाकरीचे सात-आठ तुकडे होते. तुकडे संपले नव्हतेच.

मी पुरचुंडी तशीच बांधली. भिंत वाळल्यावर पिशवी खिळ्याला लावली. आई आली, पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तिला काही विचारलं नाही.